आधी त्यांचा फोटो, मग तुझा

सर,
मी मिरजेला एका पतसंस्थेत नोकरीला आहे, वय २७. दिवाळीच्या बोनसमधून सेकंडहँड कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स घेतली. माणसांचे फोटो काढायला शिकायचंय. मॉडेल कुठून आणणार, म्हणून घरच्यांपासून सुरुवात केली. घर जुनं, कौलारू, आत उजेड कमी. पहिले काही दिवस सगळे हौसेनं बसले. एकदा आईला तासभर बसवून ठेवलं, फोकसच लागेना. आता बॅगेची चेन वाजली तरी ती आत निघून जाते. आज्जी म्हणते, 'हार घालायची वेळ आली की काढ.' वहिनीचा चुलीवर भाकरी करतानाचा एक फोटो खरंच छान आला होता, तो इन्स्टाग्रामवर टाकला. लाइक भरपूर आले, पण तेव्हापासून वहिनी धड बोलत नाही. दादाचा पाच वर्षांचा मुलगा एका जागी ठरत नाही. मित्र बसतात (त्यातला एक सतारमेकर गल्लीतला आहे), पण त्यांना फक्त हिरोसारखे फोटो हवेत. पुण्यात एक दिवसाची पोर्ट्रेट कार्यशाळा आहे, मॉडेल तेच आणतात, फी ९००० रुपये. तिथे जावं का? की घरच्यांवरच हात बसवावा? आणि बसवायचा तर या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं कसं?
— एक वाचक, मिरज

वयानं बराच लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो.

कार्यशाळेचं शेवटी बघू. आधी वहिनीचं मिटव. ते मिटल्याशिवाय तुझ्या घरात कुणी कॅमेऱ्यासमोर मोकळं बसणार नाही, कारण वहिनीचं काय झालं ते आईनं आणि आज्जीनंही बघितलंय.

'फोटो खरंच छान आला होता' असं तू लिहितोस. असेलही. चुलीचा उजेड, तव्यावरची वाफ, पिठानं माखलेले हात, कपाळाला चिकटलेली बट, फोटो काढणाऱ्याला आणखी काय पाहिजे? पण वहिनीला त्यात स्वतःचा विटका गाऊन दिसला असणार, मागच्या फळीवरचे तेलकट डबे दिसले असणार. आणि ते तिच्या माहेरच्यांनी, शाळेतल्या मैत्रिणींनी, दादाच्या ओळखीतल्या लोकांनी बघितले. लाइक तुला मिळाले, खर्च तिचा झाला. तो फोटो आजच उतरव. उतरवलाय असं तिला सांग, चुकलं म्हण, आणि 'पण लोकांना किती आवडला माहितीये का' हे वाक्य ओठावर आलं तरी गिळ.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, तेही सांगून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला नसेल आणि नोकरीचा भाग म्हणूनही तो काढलेला नसेल, तर फोटोचा पहिला मालक काढणारा. म्हणजे भाकरीच्या त्या फोटोची मालकी तुझीच. पण घर काही कॉपीराइटच्या कायद्यावर चालत नाही. घरात फोटो काढल्या काढल्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवायचा, 'हा नको' म्हणाले की त्यांच्यादेखत पुसायचा, कितीही जिवावर आलं तरी. बाहेर जाणारा प्रत्येक फोटो विचारूनच जाणार, आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस हेसुद्धा बाहेरच. पुतण्याचा असेल तर दादा-वहिनी दोघांना विचारायचं. स्पर्धेला पाठवायचा असेल तर लेखी घ्यायचं, कारण बऱ्याच स्पर्धा तसं मागतातही. माझं मत विचारशील तर निदान वर्षभर घरच्यांचा एकही फोटो बाहेर टाकू नकोस. शिकायला लाइकची गरज नसते. एक-दोन चांगले फोटो त्यांच्या समोर पुसून झाले की लोक पुन्हा समोर बसायला लागतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता आईचं. तुझ्या मूळ दुखण्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. तो तासभर तू आईचा फोटो काढत नव्हतास, कॅमेरा समजून घेत होतास. यंत्र हातात बसवणं वेगळं आणि माणसाचा चेहरा बघायला शिकणं वेगळं. पहिल्याला माणूस लागतच नाही. घरातली माणसं दमतात, कंटाळतात, त्यांची दूध तापवायची वेळ होते. त्यांची दहा मिनिटं फुकट मिळतात म्हणून ती स्वस्त नसतात.

यंत्रासाठी नारळ घे. खरंच सांगतोय. गोल आहे, खरबरीत आहे, शेंडी काढलीस तर त्याला डोळेसुद्धा आहेत. साधारण बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेव आणि त्याचे फोटो काढ. सकाळी, भर दुपारी, चारनंतर. एकदा उजेड समोरून, एकदा बाजूनं, एकदा मागून. सावली कुठे सुरू होते, तिची कड चाकूसारखी आहे की विरघळत जाते, ते बघ. ढगाळ दिवशी पुन्हा काढ. पावसाळ्याला नावं ठेवणारे फोटोग्राफर मला कळत नाहीत, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळच पांढऱ्या कापडाचं काम करतं आणि चेहऱ्यावरच्या सावल्या आपोआप मऊ होतात. नारळ किती वेळ बसवलास तरी उठून जात नाही, आणि शेवटी आमटीत पडतो.

फोकस का लागेना तेही नारळावर कळेल. तुझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा असेल, बजेटातले बहुतेक तसेच असतात. त्यावर ५० एमएमनं दीड मीटरवरून एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, फोटो काढलास तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा धारदार येतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतरच त्याच्या दुप्पट असतं. आईनं श्वास घेतला, जरा मागे टेकली, की डोळा त्या पट्ट्यातून बाहेर. लेन्स बिघडलेली नाही, विकणाऱ्याला फोन करू नकोस. एफ ४ वर ये, पट्टा चौदा सेंटिमीटरच्या आसपास जातो. फोकसचा एकच ठिपका निवड आणि कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर ठेव. शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नको. त्यासाठी आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० करावा लागला तर कर. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. मागचं सगळं धूसर झालं की पोर्ट्रेट झालं, ही समजूत इंटरनेटनं पसरवलेली आहे. नवी लेन्स घेतल्यावर पहिले काही महिने प्रत्येकाची ती होते, होऊ दे.

आणि पाच-सहा फुटांवर उभा राहा. त्याहून जवळ जाऊन, विशेषतः मोबाइलनं किंवा १८-५५ या झूम लेन्सच्या १८ एमएमवर, चेहरा काढलास तर नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. बायका 'माझा फोटो चांगलाच येत नाही' म्हणतात, त्यात अर्धा दोष या अंतराचा असतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. ती खुर्चीवर असेल तर तू स्टुलावर बस, उभं राहून वरून खाली काढू नकोस.

'आत उजेड कमी' ही तू तक्रार म्हणून लिहिलीयस. अरे, तोच तुझा स्टुडिओ आहे. पुढे सोपा (ओसरी) असेल आणि त्याला रस्त्याकडे उघडणारं दार असेल. त्या दाराच्या आत, उंबरठ्यापासून दोन-तीन फुटांवर खुर्ची ठेव, तोंड बाहेर. ऊन थेट आत येत नसताना हे कर. उत्तरेचं दार असेल तर जवळजवळ दिवसभर, पूर्वेचं असेल तर दुपारनंतर, पश्चिमेचं असेल तर सकाळी. दारातून मोकळं आभाळ दिसतं, तोच तुझा मोठा लाइट. मागचं घर अंधारात जातं, त्यामुळे फडताळ, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे सगळं आपोआप गायब होतं. खुर्ची थोडी तिरकी केलीस की एक गाल उजळतो, दुसरा हळूहळू सावलीत जातो आणि चेहऱ्याला गोलाई येते. डोळ्यांत दाराचा पांढरा चौकोन दिसतोय का ते बघ. दिसत नसेल तर हनुवटी जरा वर घ्यायला सांग. तो ठिपका नसला की डोळे विझलेले वाटतात.

घरातली ट्यूब मात्र बंद कर. बाहेरचा उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट, चेहरा दोन रंगांत वाटला जातो. भिंती पोपटी असतील किंवा खाली लाल कोबा असेल तर तोही रंग हनुवटीखाली चढतो. मांडीवर आणि पायाशी पांढरी चादर अंथर, सावल्याही उचलल्या जातात. तू स्वतः लाल टी-शर्ट घालून समोर उभा राहू नकोस, पांढरा शर्ट घाल, तोही उजेड परतवतो. आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीला कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं: त्याला सगळं काळं दिसतं म्हणून ते फोटो जास्त उजळ करतं आणि कपाळ बर्न होतं, म्हणजे नुसतं पांढरं पडतं. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी कर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेला माणूस उजेडात बसला असेल तर उलटं होतं, चेहरा काळवंडतो. तिथे वाढव.

एवढं हातात बसलं की मग आईला बोलव. बोलवताना 'प्रॅक्टिस करायचीय' म्हणू नकोस. 'तुझा एक चांगला फोटो काढून देतो' म्हण. ती 'थांब, साडी बदलते' म्हणाली तर थांब.

इथे नवशिके हमखास घसरतात. त्यांना सुरकुत्या, धूर, फुटकं जोतं, आईचे कामानं रापलेले हात असलं काहीतरी हवं असतं. आईला काठाची साडी, नीट बसलेला पदर आणि सरळ बघणारा चेहरा हवा असतो. तिला तिच्या मनासारखा फोटो वर्षानुवर्षं मिळालेला नसतो, आणि मुलगा मात्र ती दमलेली असताना टिपतो, वर 'किती नॅचरल आलाय' म्हणतो. म्हणून आधी तिचा फोटो, मग तुझा. ती येईल, ताठ बसेल, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवेल, हसणार नाही. 'आई, नॅचरल बस' म्हणू नकोस. कॅमेऱ्यासमोरचं तिचं वागणं तेच आहे. तिच्या तरुणपणी फोटो म्हणजे गावात जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे बसून काढायचा प्रसंग होता. रोलमध्ये मोजके फोटो, फुकट घालवायचे नसायचे. तसाच काढ, पण मनापासून काढ. मंगळसूत्राची वाटी मधोमध आहे का, कुंकू नीट दिसतंय का, पदराची कड कुठे दुमडलीये का, बुबुळांत उजेड आहे का. असा साधा, सरळ फोटो नीट काढणं कॅण्डिडपेक्षा, म्हणजे नकळत टिपलेल्या फोटोपेक्षा, अवघड आहे. कॅण्डिडमध्ये चुका खपून जातात.

ती पावडर लावून येईल, ती हळूच पुसायला लाव. सावळ्या चेहऱ्यावर पावडर राखेसारखी दिसते, फ्लॅश मारलास तर जास्तच. 'जरा गोरं करून दे' हे तर तुला घरोघरी ऐकायला मिळणार आहे. आपल्या स्टुडिओवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चेहरे उजळून दिले, त्याची ही सवय. वाद घालू नकोस. बाजूच्या उजेडात सावळ्या त्वचेवर गालाच्या हाडावर जी हलकी चमक येते, ती नीट पकडून दाखव. गोरं करायची मागणी बऱ्याचदा उजेड चुकल्यामुळे येते. चेहरा डागाळलेला, मळकट दिसला की माणूस रंगाला दोष देतो. मोबाइलचा ब्युटी मोड मात्र बंदच ठेव. फोटो साफ करताना माझी पद्धत साधी आहे: आठवड्यात जाणारी पुटकुळी काढतो, कायमचा तीळ आणि व्रण ठेवतो.

आईला चष्मा असेल तर काढायला लावू नकोस. कायम चष्मा लावणाऱ्याचा चेहरा त्याविना परका दिसतो, नाकावर वळही असतात. काचेत दार चमकत असेल तर काड्या कानावर चिमूटभर वर उचल, काचा खाली झुकतात आणि चमक जाते.

कॅमेऱ्यामागे गेलास की गप्प होऊ नकोस. तू गप्प झालास की समोरच्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. जमलं तर कॅमेरा स्टँडवर लाव आणि त्याच्या वरून तिच्याशी बोल. 'हस' म्हटलं की दात दिसतात, डोळे हसत नाहीत. त्यापेक्षा काहीतरी विचार, ज्याचं उत्तर तिला द्यावंसं वाटेल: मामानं शाळा बुडवून कुठला पिक्चर बघितला होता, बाबांनी पहिल्यांदा काय आणलं होतं. उत्तर देताना तोंड उघडं असतं, तेव्हा काढू नकोस. उत्तर संपल्यावर क्षणभर चेहरा रिकामा होतो, तेव्हा काढ. एक जुनी युक्ती आहे: 'झालं' म्हणायचं आणि बघत राहायचं. खांदे उतरतात, श्वास सुटतो, आणि तो फोटो असतो. ही युक्ती एका माणसावर एकदाच चालते, जपून वापर. पंधरा-वीस फोटो झाले की खरंच थांब, ती आणखी बसायला तयार असली तरी.

नवरे-बायका आणि घरची माणसं बसवून कुणी मोठं काम केलंय का, असं तुझ्या मनात असेल तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. कोलकात्यात जन्मलेली ही बाई. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलगी आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या घरातलं कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून तिनं स्टुडिओ केला आणि नातेवाईक, शेजारी, मोलकरणी, दिसेल त्याला धरून बसवलं. मेरी हिलियर ही तिच्या घरची मोलकरीण कित्येक फोटोंत मेरीमाता झाली. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर उमटायचा, आणि एका प्लेटसाठी कितीतरी वेळ न हलता बसावं लागायचं. नवऱ्याला तिनं मर्लिन जादूगार करून बसवलं तर तो मध्येच हसत सुटायचा आणि प्लेट वाया जायची. त्याच्याइतका त्रास तुझी आई तुला नक्कीच देत नाही.

आज्जीच्या 'हार घालायची वेळ आली की काढ' वर हसू नकोस आणि 'असं अभद्र बोलू नये' म्हणून दटावूही नकोस. ती व्यवहाराचंच बोलते. स्टुडिओवाल्यांना हे काम कायमचं ठाऊक आहे. कुणीतरी घाईत आधार कार्डाचा, नाहीतर लग्नाच्या ग्रुपफोटोतला बोटाच्या पेराएवढा चेहरा घेऊन येतं आणि 'दुपारपर्यंत बारा-अठरा इंचाची फ्रेम करून द्या' म्हणतं. मोठा केला की नुसते ठिपके. आज्जीला सरळ सांग, 'मग तोही तुझ्या पसंतीनंच काढू.' बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना ही कल्पना चक्क आवडते. कुठलं लुगडं, नथ घालायची का, कवळी लावायची का, यावर त्यांची मतं ठाम असतात. तो फोटो काढून तिच्या हातात दे.

मग तुझा फोटो, आणि तो आज्जीला काम करू देऊन. वाती वळत असेल तर दारात पाट टाकून दे. समोर वहिनीला किंवा शेजारच्या काकूंना बोलत बसव, कारण तू लांबून बोललास तर तिला ऐकू येणार नाही आणि ती मान वाकडी करत राहील. बघ काय होतं: कापूस चिमटीत ओढून लांबवते, बोटाला राख लावते, तळव्यावर एकदा पुढे, एकदा मागे. या सगळ्यात पापण्या खाली असतात, डोळे दिसत नाहीत, म्हणून घाई करू नकोस, हातांचे काढून घे. वात झाली की ती उजेडाकडे धरून बघते, बारीक-जाड झाली का म्हणून. त्या वेळी चेहरा आपणहून दाराकडे उचलला जातो आणि दोन्ही डोळ्यांत उजेड येतो. प्रत्येक वातीला एकदा ही संधी मिळते. फोकस आधीच तिथे लावून ठेव.

पुतण्याला बसवायचा नाद सोड. त्याच्या उंचीला ये, म्हणजे जमिनीवर बस, शटर १/५०० कर, त्याच दारात त्याला काहीतरी उद्योग दे. जेवण झालेलं असावं, झोप आलेली नसावी. पाच मिनिटांत मिळालं तर मिळालं. नंतर कॅमेरा गळ्यात घालून त्यालाच तुझा फोटो काढायला लाव. तुझं नाक, तुझा गुडघा, पंखा असलं काहीतरी येईल, पण समोर बसल्यावर हातांचं काय करावं कळत नाही, हे तुला एकदा स्वतःच्या अंगावर कळायला हवं. वहिनी बोलायला लागली की तिच्याही हातात कॅमेरा दे. तुझा काय अवतार येतो ते तिला बघू दे.

मित्रांच्या बाबतीत तक्रार करू नकोस. त्यांना हिरो व्हायचंय, तुला शिकायचंय, हा चांगला सौदा आहे. मॉडेल आणि फोटोग्राफर मंडळींत हे रीतसर चालतं: पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, एकानं वेळ द्यायचा, दुसऱ्यानं फोटो. फक्त आधी बोलून घे, किती वेळ, किती फोटो, कधी मिळणार, कुठे टाकायचे. मग कृष्णाघाटावर संध्याकाळी गॉगल, बुलेट, काय हवं ते काढून दे. शेवटची दहा मिनिटं तुझी. गॉगल खिशात, मोबाइल लांब. आठवड्याच्या आत निवडक पाच-सहा फोटो दे, दोनशेचा ढीग नको. ढीग दिलास की तो त्यातला सगळ्यात वाईट निवडून डीपीला ठेवणार. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फोटोचा कस जातो.

सतारमेकर गल्लीतला मित्र तर तुझी लॉटरी आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकन आहे, लोक लांबून ते काम बघायला येतात आणि तुझ्या मित्राच्या घरात ते रोज चालतं. भोपळा घासणारा, जवारी लावताना (तारा जिच्यावरून जातात ती घोडी घासून सूर खुलवताना) कान देऊन ऐकणारा माणूस. जवारी लावणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण तो त्या वेळी सगळं ऐकण्यात असतो आणि कॅमेरा विसरलेला असतो. पण मित्राचे वडील-काका म्हणजे मित्र नव्हेत. पहिल्यांदा जाशील तेव्हा कॅमेरा नेऊ नकोस, चहा पिऊन ये. दुसऱ्यांदा विचारून ने.

होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या तेव्हाच्या त्यांच्या फोटोंत वर्गातल्या मैत्रिणी आहेत. रेहाना मोगल ही त्यातली एक, तिचे फोटो आजही प्रदर्शनांत लावले जातात. पुढे होमाई देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या, पण त्या फोटोंच्या वेळी दोघीही नवख्याच होत्या. आपल्या वयाच्या, आपल्यासारख्याच शिकाऊ माणसापुढे बसताना कुणी भीत नाही, याचा फायदा तुलाही आहे, आणि तो वय वाढेल तसा कमी होत जातो.

आणखी एक सुचवतो. निकोलस निक्सन या अमेरिकन फोटोग्राफरनं १९७५ पासून २०२२ पर्यंत दरवर्षी आपल्या बायकोचा आणि तिच्या तीन बहिणींचा फोटो काढला, चौघी कायम त्याच क्रमानं उभ्या. बाकी काही नाही. तुझ्या आत्या, काकू, बहिणी भाऊबीजेला घरी जमत असतील. त्याच दारात, त्याच क्रमानं, वर्षाला एक. त्याला पाच मिनिटं लागतात आणि सणाच्या दिवशी सगळ्या नटलेल्याच असतात, त्यामुळे कुणाची तक्रारही येणार नाही. कुणाला कुणाशेजारी उभं करायचं यावरून पहिल्या वर्षी थोडी धुसफूस होईल, तेवढी सोस.

आता कार्यशाळा. सध्या जाऊ नकोस. सराईत मॉडेलला मान कुठे वळवायची, हात कुठे ठेवायचे, सगळं माहीत असतं. तुझे फोटो चांगले येतील, तू खूश होशील, आणि घरी आल्यावर आई पुन्हा ताठ बसेल, कारण अवघडलेल्या माणसाला मोकळं कसं करायचं हे तिथे तुला करावंच लागलेलं नसेल. फ्लॅश, सॉफ्टबॉक्स असे स्टुडिओचे लाइट शिकायचे असतील तर कार्यशाळेचा उपयोग आहे, ते घरी शिकणं खर्चाचं. पण ती पुढची पायरी. तेव्हाही पैसे भरायच्या आधी आयोजकांना विचार की एका मॉडेलमागे शिकणारे किती, लाइट स्वतःच्या हातानं हलवायला मिळतात का, आणि काढलेले फोटो कुठे वापरायचे याबद्दल मॉडेलशी काय ठरलंय. एका मॉडेलभोवती पंधरा जण उभे राहणार असतील तर दिवसभरात तुझ्या वाट्याला किती मिनिटं येतात, तो हिशेब पतसंस्थेतल्या माणसाला मी सांगायला नको.

त्या ९००० तले थोडे प्रिंटांना काढून ठेव, आईचा आठ-बारा इंचाचा पहिला. एखादं बसकं स्टूल आणि बरं स्टँड घे. उरलेले फिल्टर-बिल्टर घेण्यात घालवू नकोस.